दवाखान्याच्या सभेतली ना

रिठद, सन १९३८

दादा,
तुह्या प्रयागचा नमस्कार.

हे वारल्यावर धर्मादाय दवाखान्याच्या पंचमंडळात त्यायच्या जागी मले घेतलं. अध्यक्ष माहे दीर, उकंडराव. आज सकाळी सभेत ते म्हनाले, "पटकीची साथ आली हाय. बंजाऱ्यायच्या तांड्यातल्या लोकायले दवाखाना बंद." बाकी सर्व्या पंचायनं होकाराच्या माना हालवल्या. मी म्हनलं, "भाऊजी, दवाखाना सर्व्यायसाठी हाय."

ठरावाले सर्व्यायच्या सह्या लागतात. ते हळूच बोलले, "वयनी, उद्या सही करा. नाही तं माह्या घरात राहू नका."

तवापासून त्यायचा गडी माह्यावर नजर ठेवून दारात बसून हाय. पत्र भेटलं तं तू गाडी जुपून मले न्यायले येशील, अन् भेवापायी मी निंघूनही येईन. मंग उद्या नाही म्हननारं कोन राहीन?

म्हून हे पत्र टपालात टाकत नाही.

तुही भेलेली बहीन,
प्रयाग