खोबरेल माळ्यावर ठेवलंय

अहो,

तुम्ही भीमाशंकरच्या घाटात सायकलवर, फोन लागेना, म्हणून लिहून जातेय. आपली तेजू डिंभ्याच्या रेसमध्ये पडली. खांद्याचं हाड मोडलंय, पण शुद्धीवर आहे, बोलते. जुन्नरच्या दवाखान्यात आहोत. मी तिचे कपडे न्यायला आले होते.

शेवटच्या उतारावर ब्रेक लागलेच नाहीत. नंतर मी सायकल उचलली, तर ब्रेकची चकती तेलानं चोपडलेली! तुमच्या आईंनी रेसच्या आधी तिथंच सायकलची पूजा केली, आणि पोळ्याला बैलांची शिंगं चोपडावीत तशी चकती खोबरेलनं चमकवली. मी शेजारीच डबे काढत होते. माझं लक्षच नाही.

आई तेजूच्या उशाशी बसून वाटेतल्या दगडाला शिव्या घालतायत. त्यांना काही बोलू नका. आपला समर्थ ऐकत नाही, उद्या रेसला उतरणारच म्हणतोय. त्याला तुम्ही घेऊन जा. आईही येतील, पूजाही करतील, करू द्या. खोबरेलची बाटली माळ्यावर टाकलीय, मागितली तर संपलं म्हणा.

आणि ऐका. ब्रेक धरत नाहीत हे तेजूला निघायच्या आधीच कळलं होतं. मी ओरडलेच, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "आजी ताट घेऊन समोर उभी होती गं. लई खूश होती."

पुष्पा