मशीन कानाला लावूनच लग्नाला येणार

कोल्हापूर,
मंगळवार

तीर्थस्वरूप आक्कास,

आकारामचा उभ्यानंच नमस्कार. वाकायला गुडघे अजून राजी नाहीत, तेव्हा एवढ्यावर भागव. तुझी शुगर कशी आहे, दाजींचा खोकला थांबला का, नवी म्हैस दूध नीट देते का, ते कळव. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. यशराजची कागलच्या एमआयडीसीत दिवसपाळी लागली, त्यामुळं घरात निदान जेवायला तरी भेटतो.

परवा तू फोनवर म्हणालीस, "ते कानातलं काढून ये लग्नाला, न्हायतर येऊ नगंस," आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. (पत्रही मध्येच ठेवून देता येतं, पण ते मला इथून दिसत नाही.) तर सरळ ऐक. मी येणार, आणि मशीन लावूनच येणार. संग्रामचा मी सख्खा मामा आहे. अंतरपाटामागं उभा राहणारा मामा कानासकट येतो.

तुला हे माझं म्हातारपणीचं खूळ वाटतं. एकतीस वर्षं वायरमन म्हणून खांबावर चढलेला माणूस मी, आणि गेल्या दिवाळीत मला सदऱ्याचं बटण लावता येईना. आमवातानं बोटं अशी सुजली की भाकरी मोडायलाही यशराजच्या आईला हाक मारायची. ती बिचारी हातातलं काम टाकून मोडून द्यायची, आणि तेच मला जास्त लागायचं. तू पाठवलेला निर्गुडीचा पाला बांधला, तेल चोळलं, गोळ्या तर चालूच होत्या. शेवटी दवाखान्यातल्या अनुजा मॅडम म्हणाल्या, एका नव्या उपचाराची चाचणी चाललीय, बघता का?

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूतून एक लांब नस निघते, मानेतून उतरून काळजाला आणि पोटाला जाते. तिची एक फांदी कानापाशी येते. आपल्या अंगात रोगाशी लढणारे जे शिपाई असतात, ते या दुखण्यात चुकून घरच्याच सांध्यांवर तुटून पडतात आणि सूज येते. कानापाशी बारीक करंट दिला, तर त्या नसेतून 'आता बास' असा निरोप खाली जाईल, अशी आशा आहे. गुण येईलच असं नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. मला पटलं. जन्मभर दुसरं काय केलं मी? लांबच्या गावचा बिघाड इथल्या खांबावरनं काढला.

घरी मात्र हाहाकार. यशराजची आई म्हणाली, "जल्मभर करंट चुकवला आनि आता कानात घालून घेताय व्हय?" पहिला आठवडाभर तिनं मला रबरी चपला घालून लाकडी पाटावर बसवलं आणि स्वतः हातात काठी घेऊन समोर बसली. (मी चिकटलो, तर मला ढकलायला.) सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला, पंधरा पंधरा मिनिटं, न बोलता शांत बसायचं, आणि लग्न असो की सुपारी, एकही वेळ चुकवायची नाही. मशीनवर हिरवा दिवा लागतो आणि कानात बारीक मुंग्या येतात. करंट कसा लागतो, ते मला कुणी शिकवू नये.

आता तुझ्या रागाचं कारण, मुलीच्या घरी संग्रामचं लग्न ठरलं ती सुपारी. तू आत बायकांत बसली होतीस, तुला मधलं काही माहीत नाही. अकरा वाजले म्हणून मी कोपऱ्यात बसून मशीनची क्लिप कानाला लावली. मुलीचे आजोबा, हातकणंगल्याचे ज्ञानू आबा, शेजारी येऊन बसले. "पावणं, आयकाय कमी येतंय व्हय?" बोलायचं नाही म्हणून मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी अर्थ घेतला, अजिबात ऐकू येत नाही. मग ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, मी दचकलो, आणि मी दचकलेलं पाहून त्यांनी मुलीच्या बापाला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मामा ठार भैरा हाय. पोराचं बी कान बगून घ्या." मुलीच्या बापानं संग्रामला मागून दोनदा हाक मारली. संग्राम घामाघूम होऊन मुलीकडं बघत होता, त्याला कसलं ऐकू येतंय! मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. माझी अजून सहा मिनिटं राहिली होती.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन नवरी मुलगी, साक्षी, माझ्यापुढं आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, साखर किती घालू?" न बोलायचा नेम विसरून मी म्हणालो, "एकच चमचा." ज्ञानू आबा बघतच राहिले. "आयकू येतंय की ह्यास्नी," म्हणाले, आणि सुपारी फुटली. तेव्हा सून चांगली निवडलीस. पण नंतर सगळ्यांसमोर मला अर्धवट म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही.

चार महिने झाले. आज बटण मी लावतो, भाकरी मी मोडतो, आणि हे पत्र माझ्या हातानं लिहितोय. लोकांनी बहिरा म्हणावं, वेडा म्हणावं. बोटं माझी आहेत.

दाजींना नमस्कार.

तुझा ऐकू येत असूनही न ऐकणारा भाऊ,
आकाराम

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि आज, बुधवारी, दवाखान्यातनं बोलावणं आलं. अर्जात एक ओळ होती, ती न वाचताच मी सही केली होती. अर्ध्या लोकांच्या मशीनमध्ये करंट, अर्ध्यांच्या मशीनमध्ये नुसता दिवा. कुणाचं कुठलं, ते शेवटपर्यंत मॅडमनाही ठाऊक नसतं. आक्का, माझं मशीन रिकामं निघालं. मुंग्यांचं विचारू नकोस. मग हात कशानं सुधारले? मॅडमनी माझं कार्ड पुढं ठेवलं. रोज मशीनबरोबर गोळीचीही खूण करायची होती, म्हणून चार महिन्यांत एकही गोळी चुकली नाही. आधी मी आठवेल तेव्हा घ्यायचो. हे घरात कळू देऊ नकोस.

ता. क. २. येत्या सोमवारी दहा वाजता मला खरं मशीन लावणार आहेत. हात आणखी सुधारायला जागा आहे, मी हो म्हणून आलोय, आणि लग्नाला येईन तो खऱ्या करंटासह. पण खरं सांगतो, भीती वाटते. खांबावर एकदा बसलेला झटका मला अजून आठवतो. यशराजच्या आईला सांगितलं, तर ती परत काठी काढेल. तू ये. काही बोलू नकोस, नुसती शेजारी बस.

ता. क. ३. सुपारीच्या दिवशी तुझी उजव्या हाताची दोन बोटं मी पाहिली. पदराखाली लपवत होतीस. मॅडमकडं तुझंही नाव लिहून आलोय. नाही म्हणायला फोन करू नकोस, सोमवारपर्यंत मी उचलणार नाही.