रेवा दिसली की

देवास (म. प्र.), रविवार, दिवेलागणीनंतर

डॉक्टर नाहीच म्हणाले. गुडघा आता खेळण्याजोगा होणार नाही. पंचविसाव्या वर्षी माझ्या लेकीचा फुटबॉल संपला.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. "काय गं रेवा, इतकी वर्षं क्लबकडून खेळलीस, गोल किती केलेस?"

"एकही नाही, काकू. मी डिफेंडर."

"लो! फिर तू करत काय होतीस, बेटा?"

"होऊ देत नव्हते," रेवा हसून म्हणाली.

मला का हसू आलं नाही? टीव्हीवर तिचा सामना असला की मी देवापुढे निरांजन लावून बसायचे. कॅमेरा चेंडूमागे पळायचा. रेवा दिसली की मी हात जोडायचे, कारण ती दिसली म्हणजे चेंडू आपल्या गोलपोस्टजवळ आलेला. ती दिसू नये, एवढंच मागायचे. बाकीच्या आया लेक दिसावी म्हणून बसत असतील, आणि मी...

आज सकाळपासून ती समोरच आहे. पाय उशीवर ठेवून मेथी निवडत बसली आहे. कुठे जायची घाई नाही.

मघाशी सवयीने निरांजन लावलं आणि तोंडात तेच मागणं आलं. ती दिसू नये.