मूळपुरुषाचा फोटो आणि तुझी तब्येत

मुलुंड (पूर्व),
चैत्र वद्य, १९८६

माझा बिगरीपासूनचा सोबती आणि नात्याने चुलतभाऊ लवू यास, मुलुंडहून सीतारामचा सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (निदान विचारलं की तसं सांगतात). तू कसा आहेस? हे मी रीत म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतोय. गेल्या पंधरवड्यात ताप, चक्कर, छातीत कळ, पाय घसरणं, साप आडवा जाणं असं काही झालं का? झालं नसेल तर माझं पुढचं पत्र येईपर्यंत माडावर चढू नकोस आणि विहिरीत वाकून पाहू नकोस. कारण पुढे येईलच. एकदम सांगितलं तर तू दचकशील, आणि दचकून काही झालं तर तेही माझ्याच माथी.

आपल्या खोलवाडीच्या मुंबईतल्या मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात. भांडुपला शाळेचा हॉल घेऊन अक्षय्य तृतीयेला सत्यनारायण आहे. ज्या धाकू पुरुषाने रान तोडून, कातळ फोडून वाडी वसवली, त्याचा फोटो मंडळाच्या खोलीत कायमचा लावायचा, असं कार्यकारिणीने ठरवलं. ज्या घराकडे फोटो निघेल ते घर थोरलं, आणि पूजेचा पहिला नारळ त्या घराच्या हातात. म्हणजे आपलं वरचं घर आणि गुणाजीचं खालचं घर यांचा जो वाद गावच्या देवळात तीन पिढ्या मिटला नाही, तो भांडुपात एका फोटोवर मिटणार! पहिला नारळ आपला, हे आई मला भात कालवून भरवताना सांगायची. मुंबईत येऊन मी जन्मभर म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात लोकांच्या तक्रारी नोंदवल्या. कोणी कधी मानाची सुपारीसुद्धा हातावर ठेवली नाही. तेव्हा तो नारळ एकदा आपल्या घराच्या हातात दिसावा, एवढीच इच्छा होती (आणि आहे).

संध्याकाळी गॅलरीत बसलो की पलीकडची मिठागरं दिसतात. ऊन कललं की मिठाच्या ढिगांचे डोंगर होतात, आणि त्यांच्यातून खांद्यावर घोंगडी टाकलेला धाकू पुरुष चालत येतो. आपले गुरुजी छडीने टेबलावर ताल धरून वृत्तं म्हणून घ्यायचे, आठवतं? तसाच ताल माझ्या कानात सुरू होतो. फोटोखाली लिहायला म्हणून मी भुजंगप्रयातात दोन ओळी करूनही ठेवल्या:

तिथे रान होते, तिथे वाघ होते,
तुझ्या कोयत्याने पुढे शेत होते!

(सौ. वनमाला म्हणाली, दोन्हीकडे ‘होते’च कसं काय? मी तिला म्हटलं, रान तोडताना माणूस यमकं बघत नाही.)

ओळी तयार, फक्त फोटो नव्हता. आणि पहिल्याच मीटिंगला गुणाजीने फोटो काढून टेबलावर ठेवला! दाढीवाला म्हातारा, मुंडासं, हातात नांगर, पुढे बैलजोडी. सगळे गहिवरले. मला मात्र तेव्हाच संशय आला. एक तर बैल फार धष्टपुष्ट. आपल्याकडच्या बैलाच्या बरगड्या दिसल्याशिवाय तो आपला वाटतच नाही. दुसरं म्हणजे मी भिंग घेऊन गेलो होतो (पाणीखात्यात मीटरचे आकडे वाचायला घेतलेलं) आणि त्या भिंगातून मूळपुरुषाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा दिसला. घड्याळ काढून ठेवलेलं, पण उन्हाने रापलेल्या हातावर त्याची जागा तशीच! सहा पिढ्यांमागे माणूस सूर्याकडे बघून जेवायला बसायचा. मी भिंग खिशात घातलं. संशय पिकू द्यावा लागतो.

संपात गिरणी सुटल्यापासून गुणाजी आपल्या साडूबरोबर मढला शूटिंगवाल्यांच्या जेवणाचं काम बघतो. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी वेसाव्याहून होडीने मढला गेलो. (होडीत एका कोळणीची पाटी माझ्या मांडीवर होती. धोतर अजून वास मारतंय. सौ.ला त्याचाही संशय.) तिथे एका बंगल्याच्या आवारात झावळ्यांची झोपडी, बांबूवर टांगलेला चंद्र आणि शेजारी तेच धष्टपुष्ट बैल पेंड खात उभे. आणि झोपडीच्या दारात, मुंडासं मांडीवर ठेवून, आपला मूळपुरुष वडापाव खात बसलेला! मी नकळत नमस्कारच केला. त्याचं नाव भीमराज. स्वभावाने फार गोड माणूस. म्हणाला, “काका, मी पिक्चरमध्ये हिरोचा बाप असतो. पहिल्या वीस मिनिटांत मरतो ना, म्हणून कोणी ओळखत नाही.” घरी शेतीवाडी आहे का, असं विचारल्यावर हसला. “कसली शेती, काका? आमच्या खोलीत तुळस पण टिकत नाही.”

पुढच्या मीटिंगला मी हे सगळं उभं राहून, आवाजात चढउतार करून सांगितलं. टाळ्या पडल्या. गुणाजी शांतपणे फोटो पिशवीत घालत एवढंच म्हणाला, “अरे सीताराम, शेतकऱ्याचा फोटो कोण काढतो रे? मिळेना, म्हणून आणला.” मला त्या शांतपणाचा जास्त संशय आला. माणूस उघडा पडला की चिडतो. हा चिडला नाही, म्हणजे याच्या पिशवीत अजून काहीतरी आहे.

मग अध्यक्षांनी मला विचारलं, तुमच्या घरचा फोटो कुठे आहे? तो नव्हताच. पण मी “आणतो” म्हणून बसलो. तिथून थेट घाटकोपरला शेवंतीकाकीकडे गेलो. काकीला आता नव्वदी आली, दिसतं कमी, पण फोटोंचा बिस्किटाचा डबा ती उशाखालीच ठेवते, कारण सुनेवर संशय. (हा गुण आपल्या घराण्यात कुठून आला, त्याचाही एकदा शोध घ्यायला हवा.) एकेक फोटो बाहेर आला. कोटातला माझा बाप, बेस्टच्या खाकीतले मामा, मशीनशेजारी उभे राहिलेले काका. जो तो गाव सोडून आल्यावर फोटोत शिरलेला. मी काकीच्या कानात ओरडून विचारलं, यांत आपला शेतकरी पुरुष कोण? तिने डबा चाचपून तळचा एक काढला, डोळ्यांना टेकवून बघितला आणि म्हणाली, “हो बघ. आपल्या घराण्यात जमनीक चिकटान ऱ्हवलेलो हो एकलोच पुरुस.”

लवू, काय फोटो! गेल्या पावसात तिच्याकडे गळलं, त्यामुळे सगळा तपकिरी डाग पडलेला. त्या डागातून खांद्यावर घोंगडी, हातात कोयता, झुपकेदार पांढरी मिशी आणि मागे कातळ. मनगटावर घड्याळ नाही. पट्टाही नाही. (भिंगाने पाहिलं.) माझ्या मिठागरातून चालत येणारा तोच! नाव विचारायचं मला सुचलंही नाही. डोळे भरलेल्या माणसाला भिंगातूनही कमीच दिसतं.

पंधरवड्यापूर्वी मंडळाच्या खोलीत तो फोटो लागला. चंदनाचा हार, उदबत्ती, खाली माझ्या दोन ओळी. गुणाजीने पुढे होऊन फोटो नीट पाहिला, पुष्कळ वेळ पाहिला, मग चपला काढून कपाळ टेकवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, मढला राहून हाही नाटक करायला शिकला! आणि वर त्यानेच सूचना मांडली, की पहिला नारळ वरच्या घराचा हे खरं, पण तो सीतारामने घेऊ नये, गावाहून लवूला बोलवावं. एकमताने मंजूर. (माझंही मत त्यात धरलं गेलं. मी खोकत होतो.)

तेव्हा तृतीयेच्या आदल्या दिवशी ये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सीताराम

ता. क. आता तब्येतीबद्दल. परवा फोटोपुढचा प्रसाद घेऊन काकीकडे गेलो आणि सगळी हकीकत सांगितली. ती उठून बसली. “मेल्या, जित्या माणसाक हार घातलंस?” लवू, तो तू आहेस. दहा वर्षांमागे काजू लावलेस तेव्हा शेतकी खात्याच्या साहेबाने काढलेला फोटो, तूच काकीला पाठवलेला. मी तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तुझी मिशी काळी होती रे! मी सहा पिढ्या मागे जाऊन माणूस शोधत होतो आणि माझ्याच बाकावरचा ओळखला नाही. तरी तब्येतीचं लगेच कळव. तुझ्या हातचं पत्र हवं, दुसऱ्याच्या हातचं चालणार नाही.

ता. क. दुसरा. खरी विनंती ही: येताना मिशी काढून ये. घोंगडी आणू नकोस, बुशशर्ट घाल आणि मनगटावर घड्याळ बांध. पूजेला फोटो हॉलमध्ये आणतील, त्याच्यापासून लांब उभा राहा. पहिल्या रांगेत गुणाजी बसणार आहे, आणि त्याच्याकडे आता भिंग असेल असा मला संशय आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच गुणाजी दारात. म्हणाला, लवूला पत्र टाकतोयस ना, माझाही नमस्कार लिही. मी पत्र ढुंगणाखाली घालून बसलो. मग तोच बोलला. संपाच्या वर्षी तो बायकामुलांसकट गावी आला तेव्हा खालच्या घराचं छप्पर पडलेलं होतं, आणि पावसाळाभर तू त्यांना आपल्या पडवीत ठेवून भात घातलास. (हे तू मला एका ओळीने कळवलं नाहीस. यावर भेटल्यावर बोलू.) म्हणजे त्याने फोटो पाहिल्याबरोबर ओळखला होता! मी म्हटलं, “मग तेव्हाच बोललास का नाहीस? माझी वाट लावायची ना?” तर म्हणाला, “येडा आहेस काय? भिंतीवर बरोबर माणूस लागला होता. उगाच कशाला बोलू?”

तेव्हा मिशी काढू नकोस. घोंगडीही आण.

आम्ही दोघे लगेच भांडुपला मंडळाच्या खोलीवर गेलो आणि हार उतरवला. फोटो तिथेच आहे. गुणाजी उंच म्हणून तो स्टुलावर चढला, खालून स्टूल मी धरलं. तो सारखा वाकून बघत होता, मी नीट धरलंय ना म्हणून.