मिसेस फॅरोंची होडी चिखलात बसली त्याची हकिकत

प्रिय विनीताई,

धाकट्या भावाचा हॅट काढून नमस्कार. (हॅट खरोखरच काढलेली आहे. ती स्टोव्हपाशी वाळत पडली आहे, कारण पुढे येईलच.) समुद्राच्या हवेने तुझा गुडघा सुधारला असेल अशी आशा करतो. सुधारला नसेल तर तूर्त कळवू नकोस, इथे एका वेळी एकच संकट पुरतं.

संकट असं, की मिसेस फॅरो आपलं विथरकोट गाव सोडून चालल्या आहेत. नवरा वारल्यापासून त्या कालव्यावरच्या दोन लॉकांच्या (होड्या वर-खाली करायच्या हौदांच्या) मधल्या पाण्यात, 'मॅगपाय' नावाच्या आपल्या लांबट होडीत, माझ्या खिडकीसमोर राहतात. आता लेक ग्लॉस्टरला बोलावते म्हणून कायमच्या तिकडे. माझं यात वैयक्तिक काही नाही. नुकसान आहे ते आमच्या ग्राम-इतिहास समितीचं. आपल्या गावापाशी कालवा एवढं मोठं वळण का घेतो? तर त्या काळच्या जमीनदाराला आपली बायको न्याहारी करताना कोळशाच्या होडीवाल्यांनी बघितलेली खपत नव्हती, असं मी पुलावर उभा राहून पाहुण्यांना सांगतो. पाहुणे माना डोलावत असतानाच मिसेस फॅरो होडीतून ओरडतात, "काहीतरीच काय, मिस्टर थ्रॅपल! मध्ये खडक लागला म्हणून वळवला!" त्या गेल्यावर मला खोटं कोण पाडणार? समितीतले बाकीचे सगळे माझ्याशी सहमत असतात. सहमत माणसांबरोबर दुपार किती लांबते, याची तुला कल्पना नाही.

मंगळवारी निघायचं ठरलं. सगळं गाव काठावर जमलं. पाद्रीसाहेबांनी फळांचा केक आणला (त्यांच्या बहिणीने केलेला, म्हणून मिसेस फॅरोंनी तो वाटेत खायचं आश्वासन दिलं). आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे, कुणी कायमचं निघालं की आपण हवेबद्दल बोलतो. मी मात्र एक वाक्य घोकून गेलो होतो. (कोणतं ते विचारू नकोस.) प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "वारा पश्चिमेचा दिसतोय." त्या म्हणाल्या, "दिसतोय खरा," आणि काठाकाठाने खालच्या लॉककडे एक शेवटची फेरी मारून आल्या.

मला वरच्या लॉकवर जाणं भाग होतं, 'मॅगपाय' तिथूनच पुढे जायची होती. तिथला बिनपगारी रखवालदार मी, लाल जाकिटासकट. तू समुद्राकाठची झालीस म्हणून आठवण करून देतो: लॉकचा हौद रिकामा असेल तर खालून येणाऱ्या होडीचा मान पहिला, भरलेला असेल तर वरून येणारीचा. आमचे दरवाजे गळके, त्यामुळे हौद बरोबर अर्धा भरलेला. आणि नेमकी त्याच वेळी वरून एका निवृत्त न्यायाधीशांची होडी आली. ते म्हणाले, आधी बाईंना जाऊ द्या. बाई म्हणाल्या, छे छे, आधी तुम्ही. दोघांनीही टोप्या काढल्या, पुन्हा घातल्या. निकाल माझ्यावर आला. मी काठी घालून पाणी मोजलं, नियम आठवले, आणि अर्ध्या हौदाबद्दल नियम काहीच सांगत नाहीत असं जाहीर केलं. खरं तर मी कुठल्याही बाजूच्या झडपेचं हँडल फिरवून हौद भरला किंवा रिकामा केला असता तर प्रश्न मिटला असता. ते मी फिरवलं नाही. माझ्या निःपक्षपातीपणाचं न्यायाधीशांनी तोंड भरून कौतुक केलं. मग चहा झाला, काकडीची सँडविचं झाली, आणि पाद्रीसाहेबांना हौदाकाठीच डुलकी लागली.

तेवढ्यात 'मॅगपाय' कलली. आधी वाटलं, केक चढवला म्हणून. पण खालच्या लॉकच्या पाणी सोडायच्या झडपा कुणीतरी उघड्या टाकल्या होत्या आणि मधलं सगळं पाणी निघून चाललं होतं. मी त्यांच्या जिरेनियमच्या कुंड्या वाचवायला उडी मारली. कुंड्या वाचल्या, हॅट बुडाली. बघता बघता होडी चिखलात बसली. कालव्याचा तळ उघडा पडला, आणि तळात काय निघालं? पाद्रीसाहेबांची सायकल, पबची हरवलेली पाटी, आणि ऐन वळणाच्या तोंडाशी भलाथोरला खडक. अख्ख्या गावाने आधी खडकाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

कालव्याचा अधिकारी आला. झडपा कुणी उघड्या ठेवल्या, असं त्याने विचारलं. गाव ढगांकडे बघू लागलं. मिसेस फॅरोंनी तोंड उघडलं, त्यांच्या आधी मी म्हणालो, "मी." का म्हणालो, देव जाणे. त्यांच्या निरोपाच्या दिवशी कुणाला बोलणी बसू नयेत असं वाटलं. अधिकाऱ्याने जाकीट काढून घेतलं. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
क्लॅरन्स

ता. क. – मार्मालेड पाठवू नकोस, मागचंच अजून आहे.

ता. क. – काल संध्याकाळी मिसेस फॅरो चिखल तुडवत दारात आल्या. म्हणाल्या, "झडपा मी उघडल्या होत्या, मिस्टर थ्रॅपल. मुद्दाम. इतकी वर्षं कालव्यावर काढल्यावर बाई झडप विसरते होय? तुम्ही काही बोलाल म्हणून मी एवढा कालवा रिकामा केला, आणि तुम्ही काय बोललात, तर 'मी'!" मी त्यांना खुर्ची दिली, आणि खडकाबद्दल तुमचंच बरोबर होतं, असं म्हणालो. त्या रडल्या, ताई. मग मीही.

ता. क. – आईची निळ्या खड्याची अंगठी तुझ्या शिवणाच्या डब्यात आहे. मिळेल त्या पहिल्या टपालाने पाठव. वरून पाणी सोडलंय, आणि होडी हलायला लागली आहे.