बायकांवाचून वाढलेला वंश

पारनेर, २४ नोव्हेंबर १९९६

चि. डॉ. सुनील यास राधाकृष्णमामाचे लंडनपर्यंत पुरतील इतके आशीर्वाद. (चिरंजीव आधी की डॉक्टर आधी, यावर माझ्या व्याकरणात सूत्र नाही. तुझ्या आईला विचारलं तर रतनक्का म्हणाली, "आधी जेवला का ते विचार." तेव्हा विचारतो, जेवतोस ना?) इकडे माझा गुडघा सोडून सर्व कुशल. तो गुडघा तुझ्या संशोधनात कसा झिजला, हे सांगायलाच हे पत्र.

मिरजगावच्या बाजूच्या त्या घराण्याची वंशावळ काढून द्या, असं तू लिहिलंस. चाळिशी उलटली की ज्यांचे पाय अडखळतात आणि हात कापतात, तेच घराणं. दुखणं मेंदूचं, पण पिढ्यान् पिढ्या रक्तातून उतरतं, असा तुमचा कयास. त्याची तपासणी लंडनला न होता नगरलाच व्हावी, अशी तुमच्या साहेबांची इच्छा. यंत्र आलं आहे. ते चालवायला लंडनला शिकून येणाऱ्या एका माणसाची जागा आहे. "लायक आणि परत येणारा कोणी सुचवा," असंही तू लिहिलंस. (सहा महिन्यांसाठी गेलेल्या तुला आता सातवं वर्ष लागलं. 'परत येणारा' याखाली तू रेघ मारलीस, ते मला आवडलं.) माणसाचं नंतर पाहू, आधी वंशावळ.

वंशावळ म्हणजे आपल्या घरचंच काम, असं समजून मी एस.टी.ने गेलो. तिथले कर्ते मच्छिंद्रराव यांनी भाटाच्या वहीची नक्कल पुढे ठेवली. तू कळवल्याप्रमाणे पुरुषाला चौकोन, बाईला गोल, दुखणाईत असेल तर आतून काळं, अशा सात पिढ्या मी माझ्या उत्तम अक्षरात उतरवल्या आणि पाठवल्या. तुझं उत्तर आलं की कागदावर एकही गोल नाही. या लोकांनी बायकांवाचून वंश कसा वाढवला, हाच शोध आधी लावावा असं साहेबांना वाटतं. वही पुन्हा पाहिली. लेकी-सुनांना तिथे जागाच नव्हती, आणि वीस वर्षं वर्गात स्त्रीलिंगाची रूपं घोकून घेणाऱ्या मला ते जाणवलंही नव्हतं.

दुसऱ्या खेपेला बायका गोळा केल्या. लेकींची एक यादी माहेरी विचारून, दुसरी त्यांच्या सासरच्या गावी जाऊन (गुडघा इथेच गेला). सासरी जी नवी नावं मिळाली, त्या आणखी बहिणी समजून मी ओळीत बसवल्या. दुखणाईत सतरा भरले. साहेब हरखले, तू हरखलास, थोडासा मीही. मग तो कागद मच्छिंद्ररावांच्या आत्या दगडाबाई यांना वाचून दाखवला. वय ऐंशी, पाटी कधी हातात धरलेली नाही. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, ही पारू आन् ही लक्षुमी येकच हाय की. लगनात नाव बदललं न्हाई का तिचं? तुमी एका बाईला दोनदा आजारी पाडलं."

मी म्हणालो, "मग आधी सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं व्हय? तुमी नुसतं बाप्यांना इचारीत बसला."

त्यांची नात मोनिका (लेकीची लेक, नगरला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.) शेजारी होती. आजी सांगत गेली, नात खोडत गेली. सहा बायका सहा बायकांत विलीन होऊन आकडा अकरावर आला. शेवटी मोनिकाने आपल्या आईचा गोल काढला. आई हल्ली पायरी उतरताना भिंत धरते. तो गोल तिने काळा केला नाही, आत प्रश्नचिन्ह घातलं. त्याखाली स्वतःचा गोल काढला, त्यातही तेच घातलं, आणि मला म्हणाली, "सर, चहात साखर किती?" मी साखर घेत नाही, हे त्या दिवशी विसरलो.

येताना नगरला यंत्र पाहिलं. ते अजून पेटीतच आहे. चालवणारा नाही म्हणून कोणी उघडत नाही. मात्र खंडेनवमीला अवजारं पुजतात तशी तिची दोन वर्षं पूजा झालेली आहे. हळदकुंकू, वाळलेली झेंडूची माळ, सगळं यथासांग. रखवालदार म्हणाला, "लई कडक हाय, सर. कुनी हात लावत न्हाई."

जागेसाठी नाव सुचवण्याची माझी योग्यता नाही. माझ्या मोजणीचा भरवसा किती, हे तुला सतराचे अकरा झाले तेव्हाच कळलं असेल. इत्यलम्.

तुझा, एका गुडघ्यानिशी,
राधाकृष्णमामा

ता. क. मोनिका. अर्ज सोबत जोडला आहे. ही परत येईल का, असं दगडाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "तिची माय हितंच हाय, जाईल कुठं?" (तुझी आईही इथेच आहे, हे मी लिहीत नाही.)

पुन्हा ता. क. अर्जावर तुझी शिफारशीची सही हवी, मुदत पंधरा डिसेंबर. आठवीत प्रगतिपुस्तकावर तू माझी सही केली होतीस, आणि ती माझीच, असं मी हेडमास्तरांना सांगितलं होतं. तेव्हा लावला होतास तेवढाच वेळ लाव.

आणखी एक. पेटीला बाहेरून चिकटवलेली माहितीपुस्तिका मोनिकाने मागून घेतली; चाळिसाव्या पानापर्यंत आली आहे. तिचे तीन प्रश्न वेगळ्या कागदावर आहेत. तुला उत्तरं आली नाहीत तर साहेबांना विचार, पण उत्तरं तिलाच कळव. मला प्रश्नही कळलेले नाहीत.