सुपारी फोडली तेव्हा

दाजींस नमस्कार,

काल सानवीच्या कॉलेजात वादविवाद होता, मुलींना सैन्यात सक्तीने घ्यावं का? मी मागे बसलो होतो. माझी पोरगी म्हणाली, "घ्या की! सक्ती आम्हाला कुठे नवी आहे? लष्करवाले निदान दोन वर्षांनी घरी तरी सोडतील."

सगळे हसले. पण माझे कान तिखट. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

तुमचा समर्थ गुणी आहे, मामाची मुलगी भाच्याला द्यायची रीत आहे हेही खरं. पण आपण पडवीत लग्नाची सुपारी फोडली, तेव्हा ती आत चहा गाळत होती. टेम्पो घेताना मी दहा जणांना विचारलं होतं, दाजी. तिला एकदाही नाही.

आज विचारतो. हो म्हणाली तर हे पत्र फाडेन. नाही म्हणाली, तर स्वतः चिपळूणला येऊन तुमच्यासमोर बसेन.

तुमचा मेव्हणा,
भागोजी